आवाजाचे बचत खाते

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली, की प्रथम तिचा अपमान होतो. फ्रीज आला तेव्हा आई म्हणाली, "माठाच्या पाण्याची चव नाही." मिक्सर आला तेव्हा पाट्याचे गुणगान झाले. या परंपरेला अनुसरून गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी एक छोटी म्युझिक सिस्टीम घेऊन घरात शिरलो, तेव्हा सौ.ने खोक्याकडे पाहून विचारले, "टोस्टर आणलात का?"

तिचा फारसा दोष नव्हता. मध्ये शंकरपाळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी आणि तिच्या दोन अंगांना दोन स्पीकर, एवढाच तो संसार. एवढ्यात रेडिओ होता, सीडी होती, पेनड्राइव्हला भोक होते, ब्लूटूथ होते आणि बाहेरचा आवाज आत घेऊन पेनड्राइव्हवर उतरवण्याची सोयही होती. शेवटच्या सोयीसाठीच मी ती घेतली होती. पण ते कोणाला सांगितले नव्हते.

बरोबर एक माहितीपुस्तिका होती. ती अनेक भाषांत होती आणि त्यांत मराठी नव्हती. मी बी.कॉम. असल्यामुळे इंग्रजी पाने पहिल्यापासून वाचायला घेतली. माझी मुलगी अकरावीत असल्यामुळे तिने काहीच न वाचता जोडणी सुरू केली. मी 'सुरक्षेच्या सूचना' संपवून मान वर केली, तेव्हा सिस्टीम गात होती. फक्त दोन वायरी तिने मला जोडायला दिल्या होत्या आणि नेमक्या त्याच उलट्या लागल्या होत्या.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. स्पीकरला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी असतात. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरला मी त्या अदलाबदल करून लावल्या. परिणाम असा, की एका स्पीकरचा पडदा बाहेर यायचा तेव्हा दुसऱ्याचा आत जायचा. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याचा खर्ज, सगळे खालचे स्वर अर्ध्या वाटेत एकमेकांना खाऊन टाकू लागले. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा, शिल्लक शून्य. वीस वर्षे बँकेत घालवून मी घरी येऊन हेच केले.

वायरी सरळ झाल्या, डग्गा परत आला आणि मग मी कपाटावरचा बुटांचा जुना खोका खाली काढला. त्यात एक कॅसेट होती. वर वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'सौ. आई. जात्यावरच्या ओव्या. अहमदनगर, १९८८.' गावाचे नाव सरकारने २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर केले, बँकेने माझ्या हुद्द्याचे नाव क्लार्कवरून 'कस्टमर असोसिएट' केले; पण लेबलावर ते अजून अहमदनगर आहे आणि काउंटरवर मी अजून क्लार्कच आहे. बोलताना तर आम्ही सगळे नुसते 'नगर'च म्हणतो.

त्या कॅसेटशी माझा एक जुना हिशेब आहे. तो शेवटी सांगतो. हिशेबाची पद्धत अशी, की आधी मागील शिल्लक मांडायची आणि मगच आजचा व्यवहार लिहायचा.

तर मागील शिल्लक. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर माणसाच्या तोंडचे बोल साठवण्याचा सर्वांत मोठा उद्योग शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला झाला. ज्ञानेश्वर महाराज बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. नऊ हजारांवर ओव्या! आमचे साहेब दोन ओळींचे पत्र सांगतात, तेवढ्यात माझ्याकडून तीन वेळा "काय म्हणालात साहेब?" होते. बाबांनी किती वेळा विचारले, याची नोंद नाही. महाराज ज्या खांबाला टेकून बसले असे मानतात, तो खांब नेवाशाच्या देवळात आजही उभा आहे. शब्द आहेत, खांब आहे. फक्त आवाज नाही. पंधरा-सोळा वर्षांचा तो पोरसवदा आवाज कसा होता, ओवी म्हणताना कुठे चढायचा आणि कुठे थांबायचा, हे कोणत्याही लेखणीला टिपता आले नाही.

यानंतर या खात्यात पुढची नोंद व्हायला ५८७ वर्षे लागली. आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते आणि खातेदाराला ओळखपत्र घेऊन यावे लागते. इथे १८७७ मध्ये अमेरिकेतले एडिसनसाहेब आले. एका नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळून त्यांनी त्यात तोंड घातले आणि मेरी व तिच्या कोकराचे बालगीत म्हटले. सुईने पत्र्यावर खळगे पाडले आणि दुसरी सुई त्या खळग्यांवरून फिरवल्यावर यंत्र बोलले. माणसाचा आवाज माणूस गप्प बसलेला असताना ऐकू येण्याची ही पहिली वेळ. दहा वर्षांनी बर्लिनर यांनी नळकांडे टाकून सपाट तबकडी आणली. तबकडीचा फायदा असा, की एका साच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. ज्याची प्रत निघते त्याचा धंदा होतो, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना वेगळे सांगायला नको.

तो धंदा आपल्याकडे आला १९०२ मध्ये. फ्रेड गाइसबर्ग नावाचे तंत्रज्ञ यंत्रे घेऊन कलकत्त्याला उतरले आणि त्यांच्यासमोर गौहरजान गायल्या. गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगितले. तबकड्या छापायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही युक्ती, असे सांगतात. मला विचाराल तर ही व्हाउचरखालची सही होय. पण अडचण वेळेची होती. तबकडीच्या एका बाजूला मावायची फार तर तीन-साडेतीन मिनिटे. जो राग रात्रभर उलगडायचा, तो गवयांनी तीन मिनिटांत घडी घालून बसवला.

या तबकड्या लाखेच्या असत. बायकांच्या बांगड्यांना वापरतात तीच लाख. म्हणून दोन्ही वस्तू जवळजवळ तितक्याच सहजपणे फुटत. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी पाटलांच्या वाड्यात असा एक कर्ण्याचा ग्रामोफोन होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा लहान होते. ते सांगतात, की पाटील मोठे दिलदार. सगळे गाव ओसरीवर गोळा करत. कंजूषपणा फक्त सुईपुरता. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. पाटील एक सुई महिनाभर चालवत. त्यामुळे पहिल्या तारखेला ओसरीवर साक्षात बालगंधर्व गात आणि महिनाअखेरीस त्याच पदात पडसे झालेले कोणीतरी. गावाची मात्र तक्रार नव्हती. फुकट ऐकणाऱ्याने सुईकडे पाहू नये.

मग रेडिओ आला. त्याला पूर्वी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे, हे माझ्या मुलीला पटत नाही. "म्हणजे ऐकायला लायसन?" ती विचारते. गाडीचा परवाना नसताना स्कूटर मागणाऱ्या पिढीला हे पटणे अवघडच. पण त्या रेडिओने काय केले ते पाहा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' चालले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गीते छप्पन्न. अण्णांच्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता. त्याला हार घालत, पुढे उदबत्ती लावत आणि राम वनवासाला निघाल्यावर बाया डोळ्यांना पदर लावत. आजी म्हणजे अण्णांची आई. ती रेडिओच्या अगदी जवळ बसे. पण डोक्यावर पदर घेऊन. आत बसलेल्या माणसांना आपण दिसत असू, अशी तिला शंका होती.

इथे आमच्या नगरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नगरहून दौंडच्या वाटेला लागले, की अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तिथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे ४४ वर्षे, ते मोडले नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि पुढे नुसत्या खुणांनी ते बोलत. त्यांना समाधी दिली, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथे तबकडी लावली गेली, ती कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराच्या 'बिगिन द बिगीन' या गाण्याची. अरणगावच्या माळावर, बाभळींच्या पलीकडे, त्या १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या नाचगाण्याची ती धून कशी वाटली असेल! आमच्या जिल्ह्याचा योगायोग पाहा. एका टोकाला नेवासे : तिथे बोल राहिले आणि आवाज गेला. दुसऱ्या टोकाला मेहेराबाद : तिथे आवाज मुळी नव्हताच आणि तबकडी वाजली.

आता कॅसेट. हिचे जनक लू ओटेन्स. हे डच इंजिनिअर फिलिप्स कंपनीत होते. यंत्र किती लहान हवे, हे ठरवण्यासाठी त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा केला आणि तेवढे यंत्र करायला माणसे बसवली. १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आली. चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालणारी. तबकडीवर घरी काही उतरवता येत नव्हते. ऐकणारा ऐकणाराच राहायचा. कॅसेटने मात्र त्याच्या हातात लाल बटण दिले. एखाद्याला पासबुक मिळावे आणि दुसऱ्याला चेकबुक, इतका हा फरक आहे.

आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या गळ्याला भाव आला. कीर्तने, भारुडे, भीमगीते, तमाशाचे वग, भजनी मंडळे. कोणतीही जत्रा घ्या. रेवड्यांच्या शेजारी कॅसेटींचे दुकान असायचेच. आमच्या घरीही टू-इन-वन आला. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी तीन पगारांतून पैसे बाजूला काढून तो आणला, त्याला आईकडून रेक्झिनचा झगा शिवून घेतला आणि दर रविवारी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून त्याचे डोके पुसू लागले. डोके म्हणजे हेड. आमची डोकी आई पुसायची.

आणि १९८८ च्या उन्हाळ्यात आजी गावाहून आली, तेव्हा अण्णांनी तिच्या ओव्या टेप केल्या. तोपर्यंत गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. जाती उभी करून ठेवलेली. ओव्या तोंडात तशाच. तिचा प्रश्न रास्त होता : "जातं न्हाई, तं गाऊ कशावर?" मग आईने शेजारून जाते आणले, त्यात मूठभर बाजरी घातली आणि आजी दळायला बसली. अर्धा तास गात होती. मी आठ वर्षांचा होतो. गंमत वाटली ती एवढीच, की बाजरी संपली तरी आजी थांबेना. रिकामे जाते घरघरत राहिले.

त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ही दोन माणसे व त्यांचे सहकारी बायकांच्या अशाच ओव्या गोळा करत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांनी जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर भरल्या. काहींचे आवाजही नोंदले गेले आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. ज्ञानेश्वरांनी ओवीचा छंद उचलला, तो असाच जात्यावरच्या बायकांच्या तोंडून, असे जाणकार म्हणतात. म्हणजे मूळ ठेवीदार या बायकाच. त्यांच्या नावाचे खाते मात्र कोणी सातशे वर्षे उघडले नव्हते.

आजी १९९० मध्ये गेली. अण्णांनी कॅसेटच्या कडेचा तो लहानसा प्लॅस्टिकचा दात मोडून टाकला. ज्यांनी कॅसेट वापरली, त्यांना तो दात आठवत असेल. तो मोडला, की लाल बटण दाबलेच जात नाही. वरचे कायमचे राहते. बिनचूक व्यवस्था. तिच्यात त्रुटी एकच, की मोडक्या दाताच्या जागी सेलोटेपचा तुकडा चिकटवला, की यंत्राला दात आहे असेच वाटते.

वाचकहो, १९९२ मध्ये मी बारा वर्षांचा होतो. विविध भारतीवर नव्या सिनेमाची गाणी लागणार होती, घरात कोरी कॅसेट नव्हती आणि कंपासपेटीत सेलोटेप होता.

मी फक्त 'थोडीशी जागा' वापरणार होतो. गाणी संपल्यावर लक्षात आले, की सुरुवातीचा थोडा भाग सोडून पुढचे सगळे गेले. मी सेलोटेप काढून टाकला, कॅसेट खोक्यात तळाशी ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही. अण्णांनीही नंतर ती कॅसेट कधी मागितली नाही. मी मनात म्हणत असे, त्यांना आईचा आवाज ऐकवत नसेल. दर वर्षी दिवाळीच्या आवरासावरीत खोका दिसे आणि दर वर्षी मी तो न उघडता परत वर ठेवी. बँकेत हिशेबात फरक निघाला आणि कारण सापडेना, की ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. रक्कम तिथे मुकाट्याने पडून राहते. पण ताळेबंद मांडताना दर वर्षी ती वर डोके काढतेच.

आता डिजिटलकडे वळू. हा प्रकार मला चटकन समजला, कारण तो शंभर टक्के कारकुनी आहे. १९८२ मध्ये जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला आला. सीडीत आवाजाची लाट जशीच्या तशी कोरत नाहीत. तिची उंची मोजून आकडा लिहितात. एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायचे आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी नोंदवायची. डाव्या कानाचे लेजर वेगळे, उजव्याचे वेगळे. ४४,१०० च का? तर माणसाच्या कानाची धाव जास्तीत जास्त सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त नोंदी ठेवल्या, की मूळ लाट त्यांतून पुन्हा उभी करता येते. बारा सेंटिमीटरच्या चकतीवर या नोंदींची एकच वळत जाणारी रांग असते आणि ती उलगडली, तर पाच किलोमीटरच्या वर भरते. आमच्या भुईकोट किल्ल्याचा घेर मैलाहून थोडा जास्त. म्हणजे एका सीडीत किल्ल्याला तीन प्रदक्षिणा होतात.

सीडीवर ओरखडा पडला तरी गाणे अडखळत नाही, याचे कारण तर कोणत्याही जुन्या हेडक्लार्कने सांगावे. मी बँकेत लागलो, तेव्हा ती जाडी लेजरे कपाटांत अजून होती. रकमांची आडवी बेरीज, उभी बेरीज. एखाद्या आकड्यावर चहा सांडला, तरी बेरजांवरून तो परत काढता येई. सीडीत हेच करतात : आकड्यांबरोबर पडताळ्याचे आकडे लिहितात आणि शेजारचे आकडे मुद्दाम दूरदूर पांगवतात, म्हणजे चहा एकाच खातेदारावर सांडत नाही. अडीच मिलिमीटरपर्यंतचा डाग ती अशी निस्तरते.

पुढे एमपी३ आले. त्याने सीडीतल्या नोंदी जवळजवळ अकराव्या हिश्शावर आणल्या. युक्ती अशी, की मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो लिहा कशाला? या शोधावर जर्मनीत ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षे घालवली. आमच्या घरी येते तर एका सकाळीत काम झाले असते. कुकरची शिट्टी चालू असताना मी मागितलेला दुसरा चहा कोणालाही ऐकू येत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. यंत्र जसजसे लहान झाले, तशी ऐकणारी माणसे कमी झाली. ग्रामोफोन वाडाभर ऐकला. रेडिओ आळीभर ऐकला. टू-इन-वन घरापुरता झाला. १९७९ मध्ये वॉकमन निघाला आणि गाणे एका माणसापुरते उरले. आता माझी मुलगी एका कानात बोंडूक घालून गाणे ऐकते आणि दुसऱ्या कानाने आमचे बोलणे न ऐकल्यासारखे करते. म्हणजे श्रोता अर्धाच राहिला.

म्हणूनच मला स्पीकरवाली पेटी हवी होती. हॉलमध्ये बसणारी, सगळ्यांना एकदम ऐकू येणारी. आणि एका दिवशी का होईना, अण्णांच्या देखत लागणारी. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. उजव्या कानाला यंत्र आहे. सस्पेन्स खात्यातली रक्कम वर्ग करायची, तर खातेदार हयात असताना केलेली बरी.

जुना टू-इन-वन माळ्यावर होता. रबरी पट्टा ताणून पेढ्यासारखा मऊ झाला होता. तो एका रेडिओ दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी बदलून दिला आणि वर, "अजून फेकला नाही?" असे कौतुकही केले. स्पिरिटने हेड मी पुसले. आवाज घोगरा येत होता. हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवल्यावर फीत आणि हेड एकमेकांना नीट सामोरी आली आणि आवाज उजळला. हेडफोनच्या भोकातून एक वायर नव्या पेटीत. राहिला प्रश्न आवाज किती चढा ठेवायचा याचा. इथे कॅसेट आणि डिजिटल यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. कॅसेटवर आवाज मर्यादेबाहेर गेला, तर ती थोडे कुरकुरून सांभाळून घेते. जुन्या मॅनेजरांनी ओळखीवर दिलेला ओव्हरड्राफ्टच तो. डिजिटलमध्ये शेवटची पायरी म्हणजे शेवटची पायरी. तिच्यावर जे गेले, ते कापले गेले. म्हणून आधी लावून पाहायचे आणि वर थोडी जागा सोडून ठेवायची. मी भरपूर जागा सोडली. त्या जागेत माझे धैर्यही मावले असते.

रविवारी सगळे बसले. मी बटण दाबले. आधी खरखर, मग कुठेतरी लांब कावळा, मग आजी : "चालू झालं का रं?"

आणि जाते. नव्या स्पीकरांतून त्याची घरघर फरशीवरून चालत आली, सौ.च्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. आजी गाऊ लागली. लेकाच्या शाळेवर ओवी होती, माहेरच्या वाटेवर होती, प्रवरेच्या पाण्यावर होती. पेटीवरचे घड्याळ चार मिनिटे वीस सेकंदांवर आले आणि खट्ट असा आवाज झाला. त्यानंतर बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज, "गप रे, लागलं!" आणि पाठोपाठ ढोलकी, व्हायोलिनांचा ताफा आणि सिनेमातली प्रेमाची आणाभाक.

मी सेलोटेपसह सगळे सांगितले. मुलगी म्हणाली, "बाबा, अन्डू नाही होत?" नाही होत. पडताळ्याचे आकडे असतात तिथे हरवलेले परत मिळते. फितीवर दुसरी प्रत कुठेच नसते.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू होतास."

"हो अण्णा."

"मला वाटायचं, मीच." त्यांनी कानातले यंत्र काढले, पुसले, परत घातले. "त्या साली शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी टेप करत होतो. एकदा उगाच आईची कॅसेट लावून पाहिली, तर चार मिनिटांनंतर सिनेमा. म्हटलं, घाईत मीच काहीतरी केलं. पुन्हा लावायचा धीर झाला नाही. तुला कशाला सांगू, म्हटलं, लहान होतास."

तेहेतीस वर्षे एकच रक्कम दोन माणसांच्या सस्पेन्स खात्यात पडून होती. बँकिंगच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. मला ओरडा अपेक्षित होता. अण्णांचा चेहरा मात्र सुटका झाल्यासारखा दिसत होता, म्हणून मग मलाही बरे वाटले आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

"पुढच्या ओव्या काय होत्या?" मुलीने विचारले.

"काय होत्या म्हणजे? तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो मी. ती दळायची पहाटे." अण्णा म्हणाले आणि त्यांनी एक ओवी म्हटली. सुरात नव्हे, मास्तर कविता शिकवतात तशी. मग दुसरी. तिसरीचा अर्धाच चरण आला.

मी धावत जाऊन पेटीला माइक लावला. मुलीने वही-पेन घेतले. मी म्हणालो, "अगं, रेकॉर्ड होतंय." ती म्हणाली, "तुमच्या रेकॉर्डिंगचं माहीत आहे मला. एक प्रत कागदावर असू दे." नेवाशाला सच्चिदानंदबाबा बसले होते, तशी ती अण्णांच्या पायाशी मांडी घालून बसली.

पहिला आवाज आता तीन ठिकाणी आहे : पेनड्राइव्हवर, घरच्या संगणकावर आणि पुण्याला बहिणीकडे. दुसरा आवाज अकरा मिनिटांचा आहे. त्यात ओव्या सात पुऱ्या आणि पाच अर्ध्या, मध्ये दोनदा खोकला आणि एकदा कुकर आहे. अण्णांनी ३६ वर्षे शाळेतल्या पोरांचे 'रं' काढून त्या जागी 'रे' बसवले. पण माइक तोंडाशी धरला, लाल दिवा लागला, तेव्हा त्या अकरा मिनिटांच्या सुरुवातीला त्यांनी मला विचारलेले स्पष्ट ऐकू येते :

"चालू झालं का रं?"